‘पर्यंत’, ‘पासून’ आणि एक इवलासा ‘च’

इंग्रजी शब्दांच्या वापराविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेली वाचकांची पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कुणाचेही इंग्रजी कच्चे नाही. त्यांच्या हातून ज्या चुका होतात, त्या मराठीशी इमान राखल्यामुळे होतात. आपल्याकडे एकच शब्दयोगी अव्यय जे काम करते, ते इंग्रजीत दोन-तीन शब्दांमध्ये वाटून दिलेले असते, आणि ही वाटणी कशी झाली आहे हे आपल्याला शाळेत सहसा कुणी सांगत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यावर माझे असे मत झाले आहे की, अशा शंका सोडवताना इंग्रजी नियमाच्या आधी मराठी वाक्य नीट उलगडून पाहावे. या वेळची उत्तरे त्याच रीतीने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फलकावर मी सचिव या नात्याने ‘प्लीज पे द मेन्टेनन्स टिल द टेन्थ’ अशी सूचना लावली होती. एका सभासदांनी त्यातला ‘टिल’ पेनाने खोडून वर ‘बाय’ लिहिले. ‘दहा तारखेपर्यंत’ याचे भाषांतर ‘टिल द टेन्थ’ असेच होणार, असे मला वाटते. कोणाचे बरोबर आहे? (कोथरूड)

उत्तर : सभासदांचे बरोबर आहे, परंतु तुमची चूक इतकी स्वाभाविक आहे की, ती नुसती खोडून भागणार नाही, समजून घ्यायला हवी. मराठीतला ‘पर्यंत’ दोन अगदी वेगळी कामे करतो. ‘दहा तारखेपर्यंत पैसे भरा’ या वाक्यात पैसे एकदाच भरायचे आहेत आणि दहा तारीख ही त्याची शेवटची मुदत आहे. ‘दहा तारखेपर्यंत लिफ्ट बंद राहील’ या वाक्यात मात्र लिफ्ट दहा तारीख येईतो सलग बंद राहणार आहे. पहिल्या ‘पर्यंत’ला इंग्रजीत ‘बाय’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. तुमच्या सूचनेचा काटेकोर अर्थ लावला, तर सभासदांनी दहा तारखेपर्यंत रोज पैसे भरत राहावे, असा तो निघतो.

हा फरक ओळखण्याची खूण मराठीतच आहे. ‘पर्यंत’ काढून त्या जागी ‘च्या आत’ घालून पाहा. ‘दहा तारखेच्या आत पैसे भरा’ हे वाक्य नीट बसते, म्हणून तेथे ‘बाय’. ‘दहा तारखेच्या आत लिफ्ट बंद राहील’ हे कानाला खटकते, म्हणून तेथे ‘टिल’. कार्यालयीन पत्र लिहिताना मनाशी एवढी अदलाबदल करून पाहिली, तर चूक होत नाही.

नकारार्थी वाक्यात मात्र अधिक सावध राहावे लागते. ‘पाच वाजेपर्यंत प्लंबर आला नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो नंतर आला की नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. इंग्रजीला हा मोघमपणा चालत नाही. ‘द प्लंबर हॅड नॉट कम बाय फाइव्ह’ म्हणजे पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता, आणि ‘द प्लंबर डिड नॉट कम टिल फाइव्ह’ म्हणजे तो आला, पण थेट पाच वाजता. दुसरे वाक्य वरवर नकारार्थी दिसले, तरी प्लंबर आल्याचीच बातमी देते. तक्रारीच्या पत्रात येथे गल्लत झाली, तर तक्रारीचा अर्थच बदलतो.

याच ओघात आणखी एक. ‘आठ दिवसांत काम करून देतो’ असे म्हणताना आपल्याला एक आठवडा अभिप्रेत असतो. ‘एट डेज’ असे भाषांतर केले, तर इंग्रजी वाचक खरोखरच आठ दिवस मोजतो. आपले ‘पंधरा दिवस’ही असेच आहेत. त्यांना इंग्रजीत ‘फॉर्टनाइट’ असा शब्द आहे आणि तो मुळात ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या जुन्या शब्दांपासून झाला आहे. म्हणजे तोच काळ ते चौदा रात्रींनी मोजतात आणि आपण पंधरा दिवसांनी. शिवाय ‘इन अ वीक’ म्हणजे साधारणपणे एक आठवडा गेल्यावर, तर ‘विदिन अ वीक’ म्हणजे आठवडा संपायच्या आत. कंत्राटदाराकडून लेखी घेताना ‘विदिन’ हाच शब्द घ्यावा.

प्रश्न : मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. सराव-मुलाखतीत मी ‘आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स टू इयर्स’ असे म्हणाले आणि सरांनी दोन चुका सांगितल्या. एक कळली, दुसरी कळली नाही.

उत्तर : कोणती कळली ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही सांगतो. ‘सिन्स’ला काळातला एक ठरावीक बिंदू लागतो : जूनपासून, पदवी मिळाल्यापासून, लहानपणापासून. काळाची लांबी सांगायची असेल, तर ‘फॉर’ लागतो. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतो, म्हणून घोटाळा होतो. ‘दोन वर्षांपासून’ऐवजी ‘गेली दोन वर्षे’ असे म्हणता येत असेल, तर इंग्रजीत ‘फॉर’ घ्यावा. ‘गेला जून’ म्हटल्याने मात्र ‘जूनपासून’चा अर्थ येत नाही, म्हणून तेथे ‘सिन्स’.

दुसरी चूक काळाची आहे. ‘दोन वर्षांपासून तयारी करते आहे’ हा मराठीत शुद्ध वर्तमानकाळ आहे. पण मागे सुरू झालेली आणि आजही चालू असलेली क्रिया इंग्रजी साध्या किंवा चालू वर्तमानकाळात सांगत नाही. ‘आय हॅव बीन प्रिपेअरिंग फॉर टू इयर्स’ हे योग्य वाक्य होय. मुलाखतीत हे वाक्य हमखास लागते, म्हणून दहा वेळा मोठ्याने म्हणून ते तोंडात बसवा. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : बससाठी ‘इन’ की ‘ऑन’? आणि ‘इन टाइम’ व ‘ऑन टाइम’ यांत फरक आहे का? (हडपसर)

उत्तर : ज्या वाहनात उभे राहता येते आणि चार पावले चालता येते, त्याला सहसा ‘ऑन’ लागतो : बस, आगगाडी, विमान, जहाज. मोटार आणि रिक्षा यांत वाकून शिरून बसावे लागते, म्हणून तेथे ‘इन’. स्कूटरवर आपण मराठीतही ‘वर’च बसतो, तेव्हा ‘ऑन’. मात्र ‘बाय माय स्कूटर’ म्हणू नये. ‘बाय’ नंतर वाहनाचे नुसते नाव येते. ‘माझ्या स्कूटरने’ म्हणायचे असेल, तर ‘ऑन माय स्कूटर’.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठीने आधीच देऊन ठेवले आहे. ‘ऑन टाइम’ म्हणजे वेळेवर आणि ‘इन टाइम’ म्हणजे वेळेत. सकाळची डेक्कन क्वीन सव्वासातला सुटली, तर गाडी ‘ऑन टाइम’ सुटली; तुम्ही सात वाजून दहा मिनिटांनी फलाटावर पोहोचलात, तर तुम्ही ‘इन टाइम’ पोहोचलात. प्रत्ययासकट इतका नेमका जुळणारा जोड क्वचित सापडतो.

प्रश्न : माझा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. त्याचे सहकारी त्याच्या ‘ओन्ली’ला हसतात. ‘आय ॲम फ्रॉम पुणे ओन्ली’ यात चूक काय आहे? (बिबवेवाडी)

उत्तर : त्याच्या बोलण्यात कमीपणा वाटावा असे काही नाही. आपला ‘च’ तो प्रामाणिकपणे इंग्रजीत नेऊ पाहतो, आणि ‘च’ हा मराठीतला अतिशय गुणी प्रत्यय आहे. व्याकरणात त्याची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत होते, म्हणजे तो जोडताना शब्दाचे सामान्यरूप होत नाही. ज्या शब्दाला चिकटेल, त्याच्यावर तो बोट ठेवतो. ‘मीच त्याला पाहिले’, ‘मी त्यालाच पाहिले’ आणि ‘मी त्याला पाहिलेच’ या तिन्ही वाक्यांचा अर्थ एका अक्षराच्या जागेमुळे बदलतो.

अडचण अशी आहे की, ‘ओन्ली’ हा ‘च’च्या अनेक अर्थांपैकी फक्त एका अर्थाला पुरतो : ‘फक्त, दुसरे कोणी वा काही नाही’. ‘मीच पाहिले’ म्हणजे माझ्याशिवाय कोणी पाहिले नाही, असे म्हणायचे असेल तर ‘ओन्ली आय सॉ हिम’; ‘त्यालाच पाहिले’ म्हणजे बाकी कोणाला नाही, असे असेल तर ‘आय सॉ ओन्ली हिम’. बाकीच्या ठिकाणी ‘च’ निराळे शब्द मागतो. ‘त्याच दिवशी’ हे ‘दॅट व्हेरी डे’ होते, ‘तोच माणूस’ हे ‘द सेम मॅन’, ‘मी इथेच आहे’ हे ‘आय ॲम राइट हिअर’, ‘मुळीच नाही’ हे ‘नॉट ॲट ऑल’, तर ‘तू यायलाच हवे’ यातला ‘च’ ‘मस्ट’मध्ये विरघळून जातो. ‘आलोच’ हा आपला लाडका शब्द तर घरातून निघायच्या आधीही उच्चारला जातो. त्याला ‘आय विल बी राइट देअर’ म्हणावे लागते. ‘कालच’ हे मात्र ‘ओन्ली यस्टरडे’ असे सरळ जाते.

आता तुमच्या मुलाचे वाक्य पाहू. ‘मी पुण्याचाच आहे’ यातला ‘च’ ‘फक्त’ या अर्थाचा नाही. समोरच्याने पुण्याचे नाव काढल्यावर ‘अहो, मीही तिथलाच’ अशी ओळख पटवणारा तो ‘च’ आहे. इंग्रजी बोलणारा तेथे वेगळा शब्द न घालता आवाजाचा जोर वापरतो, किंवा ‘ॲक्च्युअली, आय ॲम फ्रॉम पुणे’ असे म्हणतो. लेखनात जो शब्द आपण प्रत्ययाने ठळक करतो, तो बोलण्यात ते बहुधा स्वराने ठळक करतात. एवढे लक्षात आले की, वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ ठेवण्याची सवय आपोआप सुटते.

‘च’चे भावंड ‘ही’ किंवा ‘सुद्धा’ हेदेखील असेच फसवते. ‘मीसुद्धा पुण्याचा’ याचे ‘ईव्हन आय ॲम फ्रॉम पुणे’ असे भाषांतर सर्रास ऐकू येते. ‘ईव्हन’मध्ये आश्चर्य असते : लहान मुलालासुद्धा हे गणित सुटेल, असे म्हणताना जो ‘सुद्धा’ असतो, तोच ‘ईव्हन’. साध्या ‘मीही’साठी ‘आय ॲम फ्रॉम पुणे टू’ पुरेसे आहे.

प्रश्न : ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांत इतका फरक कसा? (चिंचवड)

उत्तर : एका विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात मी एकदा ‘ही हॅज वर्क्ड हार्डली फॉर थ्री इयर्स’ हे वाक्य पाहिले होते. लिहिणाऱ्याला त्याचे कष्ट सांगायचे होते. पण वाक्य सांगत होते की, तीन वर्षांत या मुलाने जेमतेमच काम केले. पत्र परत पाठवून दुरुस्त करून आणले, तोवर अर्जाची मुदत संपत आली होती, आणि त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. ‘हार्ड’ हे विशेषण आहे तसेच क्रियाविशेषणही आहे, त्याला ‘ली’ लागत नाही. ‘हार्डली’चा अर्थ पूर्वी ‘कष्टाने’ असाच होता. पुढे तो ‘कष्टाने, म्हणजे कसाबसा, म्हणजे जवळजवळ नाहीच’ असा घसरत गेला. त्यामुळे त्या शब्दात नकार आधीच सामावलेला आहे. ‘मी त्याला फारसा ओळखत नाही’ याचे इंग्रजी ‘आय हार्डली नो हिम’ एवढेच; त्यात ‘डोन्ट’ घालू नये. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, ‘नियर’ म्हणजे जवळ आणि ‘निअर्ली’ म्हणजे जवळजवळ, हे जोडही असेच वेगळे आहेत.

प्रश्न : हिंजवडीतल्या एका कंपनीकडून माझी मुलाखत ‘पुट ऑफ’ झाल्याचा ईमेल आला. मी ती रद्द समजून विषय सोडून दिला आणि आठवड्याने ‘आपण का आला नाहीत’ असा फोन आला. अशी क्रियापदे पाठच करावी लागतात का?

उत्तर : तुमची संधी हुकली याचे वाईट वाटले. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. काही जोड्या पाठ कराव्याच लागतात. परंतु सगळ्या नाहीत, कारण या रचनेमागची कल्पना आपल्याला परकी नाही. आपण ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक करतोच ना? ‘टाक’ जोडल्याने काही फेकले जात नाही, क्रिया पुरती होते एवढेच. इंग्रजीत हेच काम पुष्कळदा ‘अप’ करतो : ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक. कागद जळून जातो तेव्हा ‘बर्न अप’, घर जळून भुईसपाट होते तेव्हा ‘बर्न डाउन’. ‘लिहून घे’ किंवा ‘लिहून ठेव’ म्हणजे ‘राइट डाउन’, आणि ‘वाचून काढ’ म्हणजे ‘रीड थ्रू’. टाकणे, घेणे, ठेवणे, काढणे ही सहायक क्रियापदे आपण मूळ अर्थ विसरून वापरतो, तसेच ते ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘थ्रू’ वापरतात. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला ‘हसून घे’ आणि ‘हसून टाक’ समजावताना आपली जी तारांबळ उडते, ती आठवून पाहा. जेथे या साम्याचा उपयोग होत नाही, तेथे वाक्यासह वहीत टिपून ठेवावे : ‘पुट आउट’ विझवणे, ‘पुट अप विथ’ सोसणे.

प्रश्न : ‘सीनियर दॅन मी’ आणि ‘डिस्कस अबाउट’ हे दोन्ही चूक का? (येरवडा)

उत्तर : ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधली तरतमवाचक रूपे आहेत, त्यांना इंग्रजीत ‘दॅन’ न लागता ‘टु’ लागतो. ‘डिस्कस’ची गोष्ट निराळी आहे. आपण ‘विषयावर चर्चा करतो’, म्हणजे आपल्याकडे ‘चर्चा’ हे नाम आहे. इंग्रजीतही नाम वापरले, तर ‘डिस्कशन अबाउट’ चालते. क्रियापद वापरले, तर कर्म थेट येते. ‘रिक्वेस्ट’ आणि ‘एम्फसाइझ’ यांनाही हेच लागू आहे : नामाला ‘फॉर’ किंवा ‘ऑन’ लागेल, क्रियापदाला लागणार नाही.

प्रश्न : इंग्रजी वाक्प्रचारांना मराठी पर्याय शोधण्याचा मला छंद आहे. ‘वन्स इन अ ब्लू मून’, ‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ आणि ‘बीट अबाउट द बुश’ यांना काय म्हणावे? ‘बाय अँड लार्ज’ हे तर व्याकरणाच्या कोणत्याच नियमात बसत नाही. (नारायण पेठ)

उत्तर : तुमचा छंद वाचून फार आनंद झाला. ‘बीट अबाउट द बुश’ ही शिकारीतली भाषा आहे. झुडपांभोवती काठ्या आपटत पक्षी उठवणारे हाकारे आणि प्रत्यक्ष शिकार करणारे वेगळे असत. मुद्द्याला हात न घालता भोवती फिरत राहणे, हा अर्थ त्यावरून आला. आपले ‘आडवळणाने बोलणे’ येथे चालेल. पण मनात हेतू असून तो उघड न करण्याचा भाव असेल, तर ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ याहून नेमके काही नाही.

मिठाच्या बाबतीत दोन्ही भाषांची चव अगदी वेगळी आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने मिथ्रिडेटिस राजाचा विषावरचा उतारा नोंदवला आहे : अक्रोड, अंजीर आणि सतापाची पाने वाटून त्यात मिठाचा एक कण घालायचा. ‘सॉल्ट’च्या या वाक्प्रचाराचा धागा तिथपर्यंत जोडला जातो. संशयास्पद गोष्ट ऐकणाऱ्याने चिमूटभर मीठ घेऊन गिळायची, म्हणजे ती बाधत नाही. मराठीत मीठ सांगणाऱ्याच्या हातात असते. तो ‘तिखटमीठ लावून’ सांगतो. म्हणून ‘चिमूटभर मीठ घालून ऐकणे’ असे भाषांतर केले, तर मराठी वाचक उलट्या दिशेला जातो. ‘हातचे राखून विश्वास ठेवणे’ हे त्यातल्या त्यात जवळचे आहे.

‘ब्लू मून’ला ‘उंबराचे फूल’ हा सुंदर पर्याय आहे. उंबराची फुले नसतात असे नाही. ती फळाच्या आत दडलेली असतात, म्हणून दिसत नाहीत. एकाच इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ‘ब्लू मून’ म्हणण्याची रीत मात्र अलीकडची आहे. १९४६ साली एका अमेरिकी खगोलविषयक मासिकाने जुन्या पंचांगाचा अर्थ चुकीचा लावला, त्यातून ती पसरली. वाक्प्रचार त्याहून जुना आहे, तेव्हा त्यात वर्षे मोजू नयेत. तरीही या दुसऱ्या पौर्णिमेचे आपल्याशी एक नाते आहे. १९ वर्षांत २२८ इंग्रजी महिने आणि २३५ चांद्रमास बसतात. वरच्या सात पौर्णिमा त्यांच्याकडे ‘ब्लू मून’ होतात आणि आपल्याकडे सात अधिक महिने होतात. २०२३च्या ऑगस्टमध्ये हे दोन्ही एकदम घडले : महिन्याच्या आरंभीची पौर्णिमा अधिक श्रावणातली होती आणि अखेरची निज श्रावणातली. त्याच वाढीव महिन्यातून त्यांना अपूर्वाई सुचली आणि आपल्याला ‘दुष्काळात तेरावा महिना’. अन्न पुरवून खाणाऱ्या शेतकऱ्याने वर्ष लांबले म्हणून काढलेला तो उद्गार आहे.

राहिले ‘बाय अँड लार्ज’. ते नियमात बसत नाही, कारण ते शिडाच्या जहाजांवर जन्मले. वाऱ्याच्या रोखाशी शक्य तितके भिडून जाणे म्हणजे ‘बाय द विंड’, आणि वारा मागून घेऊन जाणे म्हणजे ‘लार्ज’. जे जहाज दोन्ही प्रकारे नीट चालते, ते ‘बाय अँड लार्ज’ चांगले. त्यावरून ‘एकंदरीत’ किंवा ‘बहुतांशी’ हा अर्थ रूढ झाला. ‘ॲट लार्ज’ मात्र वेगळे : गुन्हेगार ‘ॲट लार्ज’ असेल, तर तो मोकाट आहे. तुमच्या वहीत या दोघांना शेजारी लिहू नका, वेगवेगळ्या पानांवर लिहा.